हार्ड डिस्क जशीच्या तशी चालू करून देणाऱ्या दुरुस्तीकारास

स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, असे आपण बजावून सांगितले असल्यामुळे ते इथे लिहीत नाही. पुण्यातील तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात ज्यांचा आपल्याशी संबंध आला आहे, ते वर्णनावरून ओळखतीलच. आभार मात्र उघडपणे मानायचे आहेत, कारण आपण केलेले काम नेमके काय होते हे इतरांनाही कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नारायण पेठेतील आमच्या अक्षरजुळणीच्या कामाचा संगणक ऐन दिवाळी अंकांच्या धामधुमीत बंद पडला. मदरबोर्डवरचे, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट बोर्डावरचे, वीज साठवणारे कपॅसिटर फुगले होते आणि तसा बोर्ड नवा मिळण्याची शक्यता नव्हती. हार्ड डिस्कवर ३२ बिटांचे विंडोज ७, पाने मांडण्याचे पेजमेकर ७.० आणि युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या घडणीचे मराठी फॉन्ट होते. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की अभंगांचे पानसुद्धा इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक गर्दी होऊन समोर येते. फॉन्टचे सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर नोंदवलेले होते आणि ते पुन्हा नोंदवून देणारा विक्रेता आता व्यवसायात नाही. एका दुकानात “डेटा काढून देतो, फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका,” असा सल्ला मिळाला. पण नुसत्या फाइली वाचून आमचे भागणार नव्हते. त्या उघडणारी सगळी व्यवस्था जशीच्या तशी हवी होती.

आपण ती डिस्क लगेच दुसऱ्या संगणकात लावून पाहिली नाहीत, याबद्दल सर्वांत आधी आभार. डिस्कची प्रकृती तपासल्यावर तिच्यात खराब सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे कप्पे, असल्याचे आपल्याला दिसले आणि मूळ डिस्कवरून विंडोज एकदाही सुरू करायचे नाही, असे आपण ठरवलेत. लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर डीडीरेस्क्यू चालवून आपण तिची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) घेतलीत. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, अडणाऱ्या जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या जागांकडे पुन्हा वळतो. मरणाला टेकलेल्या डिस्कला आधी अवघड जागी झिजवायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व आपण मला पडद्यावर दाखवत समजावलेत. जे थोडे सेक्टर अखेरपर्यंत वाचता आले नाहीत, ते कोणत्या फाइलींत पडतात हेही आपण शोधलेत. ती एका छापून झालेल्या अंकाची चित्रे निघाली, तेव्हा मला केवढा धीर आला!

मी कोरा करकरीत संगणक घ्यायला निघाले होते, तेव्हाही आपण थांबवलेत. आमची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली होती आणि ३२ बिटांचे विंडोज ७ बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या जुन्या अंगभूत प्रोग्रामच्या, पद्धतीनेच सुरू होते. आजच्या अनेक संगणकांत केवळ त्याची नवी जागा घेणारे यूईएफआय असते. आपण २०१५ साली आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा, जुन्या पद्धतीची सोय असलेला, वापरलेला संगणक शोधून दिलात. महाग वस्तू विकण्याची संधी समोर असताना आपण हा सल्ला दिलात, हे मी विसरणार नाही.

त्या संगणकावर प्रत लावताच तंत्रज्ञ ज्याला ‘सेव्हन बी’ म्हणतात तो, सुरू होण्याची डिस्क वाचता येत नसल्याचा निळा पडदा आला. जुन्या यंत्रात डिस्कची साटा जोडणी आयडीई या जुन्या पद्धतीवर ठेवलेली होती, म्हणून विंडोजने बसतानाच एएचसीआय या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर (विंडोजला यंत्राचा भाग वापरू देणारा प्रोग्राम) सुरुवातीला लागणाऱ्यांच्या यादीबाहेर ठेवला होता. बायॉसच्या मदतीने विंडोजचा गाभा मेमरीत येई, पण पुढे डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने वाचायची वेळ आली की तो ड्रायव्हरच जागा नसे. नव्या बोर्डात आयडीईचा पर्यायही नव्हता. आपण प्रत आपल्या संगणकाला जोडलीत, तिच्यातील रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडणीची नोंदवही, उघडलीत आणि ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीखालील ‘स्टार्ट’ची किंमत ३ वरून ० केलीत. एवढ्या एका आकड्यावर आमची इतक्या वर्षांची पाने अडून बसली होती. आपल्या पेनड्राइव्हवरचे लिनक्स मात्र कोणत्याही यंत्रावर कुरकुर न करता उठते, कारण बहुतेक ड्रायव्हर ते सोबतच बाळगते, हेही आपण जाता जाता दाखवलेत.

विंडोज उठले, तर कळफलक आणि माउस दोन्ही निर्जीव. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नाहीत आणि त्या बोर्डावरची सगळी यूएसबी तोंडे त्याच नियंत्रकावर होती. आपण खणातून यूएसबीशिवाय जोडला जाणारा, जांभळ्या गोल पिनेचा पीएस/२ कळफलक काढलात, मागे खोचलात आणि आधीच डिस्कवर ठेवलेला ड्रायव्हर केवळ कळा दाबत बसवलात. तो कळफलक इतकी वर्षे जपून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला अतिशय आदर वाटला.

परवान्याच्या बाबतीतही आपण आडपडदा ठेवला नाहीत. संगणकासोबत आलेले ओईएम विंडोज त्या मदरबोर्डापुरतेच असते आणि ते दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, हे आपण आधीच स्पष्ट केलेत. आमची प्रत स्वतंत्र विकत घेतलेली होती, तिचा खोका आणि क्रमांक पाहिल्यावरच आपण पुढचे काम हातात घेतलेत.

आपल्या सांगण्याप्रमाणे तो संगणक आम्ही इंटरनेटला जोडत नाही, कारण विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मूळ डिस्क पिशवीत बंद करून वेगळी ठेवली आहे आणि चालू एसएसडीची आणखी एक प्रत घरी नेली आहे. दिवाळी अंक वेळेत छापखान्यात गेला. आता जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली असून रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, त्यांची प्रुफे ओळीने तपासणे चालू आहे. अंकाची एक प्रत आपल्यासाठी दुकानात पाठवत आहे, तिचा स्वीकार व्हावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
नारायण पेठेतील एक अक्षरजुळणीकार