काकाच्या डाईंगचं नाव

सोलापूर, रविवार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

रात्री भरल्या ताटावरून उठलीस आणि पहाटेची हुतात्मा पकडून गेलीस. आई अजून कुणाशी धड बोलत नाही. ते असो. डाईंगच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरचा तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला, त्याबद्दलच लिहायला बसलोय. काकाचा विषय काढणार नाही.

तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निकाल छान शोधलास. नोय्यल नदी नासवणाऱ्या डाईंगवाल्यांनीच भरपाई द्यायची आणि नदी साफ करण्याचा खर्चही सोसायचा, हा सुप्रीम कोर्टाचा २००९ चा निकाल. पण तू तिथंच थांबलीस. कॉलेजच्या डेटाबेसमध्ये निकाल उघडलास की त्याचा पुढं कुठं कुठं आधार घेतला तेही दिसतं, ते बघत जा. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं तिथली सगळी डाईंग बंद करायला लावली. सांडपाण्याचा थेंब बाहेर पडणार नाही अशी सोय झाल्याशिवाय चालू करायची नाहीत. हजारोंचा रोजगार गेला. ते लोक तुझ्या मसुद्यात कुठंच नाहीत. आपल्या एमआयडीसीत असं झालं तर काकाकडची माणसं कुठं जातील?

बघ, काढलाच विषय.

आणि हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर जाऊ नकोस. ती संपादकानं लिहिलेली असते, न्यायाधीशानं नव्हे. आमच्या वेळी वकीलसाहेब कोर्टात निघता निघता सायटेशन, म्हणजे जुन्या निकालाचा संदर्भ मागायचे, मी स्टुलावर चढून एआयआरचे, म्हणजे छापील निकालांचे खंड उतरवायचो. कुठला निकाल पुढं फिरवला गेला ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. तू टेबलाखाली बसून वापरलेल्या कार्बनवर बोटं घासायचीस. काका न्यायला यायचा, त्याची बोटं तुझ्याहून निळी. तुझ्या बारशात त्यानं तुला उचललं तेव्हा आत्या ओरडली होती, दुपट्याला रंग लागेल म्हणून. पाण्यानं जाणारा रंग नव्हता तो. आता तेच पाणी तू बाटलीत भरून फोटो काढलेस.

त्या बाटलीचा कोर्टात उपयोग नाही. वॉटर ॲक्टचं, म्हणजे १९७४ च्या कायद्याचं कलम २१ नीट वाच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं जागेवर नोटीस द्यायची, नमुना सीलबंद करायचा, त्यावर सह्या घ्यायच्या. हे पाळलं नाही तर तपासणीचा अहवाल पुराव्यात येत नाही. काकाला वाचवायला सांगतोय असं वाटेल तुला. थोडं तसंही असेल.

तू काही चूक करतेयस असं माझं म्हणणं नाही. आपल्या घरातलं कुणी कायद्याचं पुस्तक स्वतःसाठी उघडेल असं वाटलं नव्हतं, मी तर जन्मभर दुसऱ्यासाठी उघडली. पण पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज करणार म्हणालीस, ते रागाच्या भरात की खरंच? खरंच असेल तर न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ ची मुदत बघ. सहा महिने, वर फार तर साठ दिवस मिळतात, तेही कारण पटलं तर. बघ, मीच तुला वाट दाखवतोय. एलएलएम तू करतेयस आणि शिकवतोय मी, माफ कर.

तुझी पहिल्या वर्षाची फी कुणी भरली ते मी इथं लिहिणार नाही. प्रबंधात डाईंगचं नाव घालायचं की नाही, तू ठरव. घालणार असलीस तर आधी मला फोन कर. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, मी स्वतः जाऊन सांगेन.

आणि शेवटच्या प्रकरणात कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार वॉटर ॲक्टच्या कलम ३३ खाली दाखवलायस. तो ३३-अ खाली येतो. तेवढं दुरुस्त कर.

तुझे
अण्णा