पाटीतलं बाळ

हॅम्बुर्ग, 14 डिसेंबर 2025
आगमन काळाचा तिसरा रविवार

प्रिय आई,

तू म्हणशील, पत्र कसलं लिहितेस, व्हॉट्सॲपवर टाक की. टाकलं असतं. पण आजीला मोबाइलवरचं दिसत नाही आणि पप्पा वाचून दाखवताना निम्मं गाळतात. इथली एक मुलगी 18 तारखेला मुंबईला निघतेय, तिच्या हाती देते. तूच वाचून दाखव. आणि सगळं वाच.

इकडे सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी चारला दिवे लागतात. सकाळची ड्युटी असली की सूर्याचं तोंड दिसत नाही. ही माणसं आगमन काळात, नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, मेणबत्त्यांचं एवढं का करतात, ते मला या तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. आपल्या चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, इकडे घरोघरी चारही लालच. आज तिसरी लावली, पण गुलाबी नाही म्हणून चुकल्यासारखं झालं. हे मेणबत्त्यांचं चक्र मुळात याच गावचं बरं का! योहान हिनरिक विखेर्न नावाचे पाळक इथे गरीब पोरांची संस्था चालवायचे. 'नाताळ कधी, नाताळ कधी' म्हणून पोरांनी भंडावून सोडलं, तेव्हा 1839 साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची.

पण सांगायचंय ते वेगळंच. मागच्या रविवारी आमच्या पॅरिशमध्ये संध्याकाळची प्रार्थना होती. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय प्रत्येकाने थोडा थोडा आपापल्या भाषेत वाचायचा, असं ठरलं. मराठीवाली मी एकटी. तू बॅगेत घातलेलं बायबल त्या निमित्ताने पहिल्यांदा उघडलं. (रागावू नकोस.) माझ्या वाट्याला सातवं वचन आलं, आणि 'बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले' इथे माझी जीभ अडली. बाळंत्याने! लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल, पण हा शब्द कधी कानात शिरलाच नव्हता. बाळंती म्हणजे आपल्या माळ्यावरच्या गाठोड्यातली, आजीच्या विरलेल्या लुगड्याची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं दुकानातल्या येशूबाळाच्या पुतळ्याचं गुलाबी-निळं फडकं होतं, सोनेरी किनारीचं.

मी नर्स, हेच काम तर दिवसभर करते. कापड तिरकं पसरायचं, वरचा कोपरा आत दुमडायचा, बाळाची मान त्या दुमडीवर. उजवा कोपरा छातीवरून नेऊन पाठीखाली, खालचा वर, मग डावा गुंडाळून घ्यायचा. पायांपाशी सैल ठेवायचं, गुडघे वाकायला हवेत, नाहीतर खुब्याला त्रास होतो. इकडे याला 'पुकेन' म्हणतात आणि आयांना क्लासमध्ये शिकवतात! ओलं बाळ बघता बघता गार पडतं, म्हणून आधी पुसायचं, मग गुंडाळायचं. लूकने तारा नाही लिहिला, गाढव नाही, बैल नाही (बैल आणि गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले म्हणतात), पण पोराला गुंडाळलं हे मात्र आठवणीने लिहिलं. नर्स म्हणून मला आणखी एक विचारावंसं वाटतं, नाळ कोणी कापली? सुईण कुठे होती?

प्रार्थना झाल्यावर कॉफी पिताना मी हे बोलून दाखवलं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, ग्रीक शिकवायच्या. त्यांनी नॅपकिनवर दोन शब्द लिहून दिले. आपल्याकडे 'उतारशाळेत जागा नव्हती' असं आहे ना, तिथे लूकचा मूळ शब्द आहे कातालुमा. म्हणजे उतरायची जागा, पाहुण्यांची खोली. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही लूकने तोच शब्द वापरलाय. आणि येशूच्या गोष्टीतला दयाळू शोमरोनी त्या जखमी माणसाला जिथे नेतो, पैसे देऊन राहायची ती धर्मशाळा, तिच्यासाठी त्याच्याकडे वेगळा शब्द आहे, पांदोखेयोन. म्हणजे मरिया आणि योसेफ कुठल्या लॉजच्या दारातून परत फिरले असं नसेलही. योसेफाच्या नात्यातलंच घर असेल, पाहुण्यांची खोली आधीच भरलेली, म्हणून बाळंतपण घरच्यांच्या मोठ्या खोलीत. तिकडच्या साध्या घरांत रात्री जनावरं त्याच खोलीत, दाराजवळच्या खोलगट भागात बांधायचे, आणि गव्हाणी तिथेच, हाताशी. सगळ्या विद्वानांना हे पटत नाही, हेही बाईंनी सांगितलं. मला पटलं.

आठव आता आपल्या टोनीचं नाताळचं नाटक! तीन वर्षं लागोपाठ उतारशाळेचा मालक, पप्पांचा रेनकोट, काजळाची मिशी, आणि 'जागा नाही!' म्हणून दार असं आपटायचा की पुठ्ठ्याचं बेथलेहेम हलायचं. तो मालक लूकमध्ये कुठेच नाही. टोनीला सांगू नकोस, त्याच्या आयुष्यातली तेवढीच मोठी भूमिका होती.

बसमधून घरी येताना मला 1994 सालचा मे महिना आठवत राहिला. मी सात वर्षांची. काकांचं लग्न, उत्तनची सगळी मंडळी आपल्याकडे उतरलेली, आणि त्यातच फिलूआत्या पहिल्या बाळंतपणाला आलेली. माहीमच्या त्या एका खोलीत आपण अकराजण होतो ना? पप्पा आणि काका होडीत झोपायला जायचे. माळ्यावर जाळी, खाटेखाली भांडी. ग्लेनला घेऊन आत्या इस्पितळातून आली तेव्हा त्याला कुठे निजवायचं यावर बायकांची चर्चा बसली. खाटेवर तीन पोरं आधीच आडवी. पाळणा कोणीतरी मागून नेलेला. आजीने काही न बोलता बुरुडाकडून आणलेली नवी पाटी खाली घेतली. मासे विकायचीच, पण अजून बाजार न पाहिलेली. आत गोधडी, तिच्यावर दोन बाळंती, आणि ग्लेन. शेजारच्या काकू अळिवाची खीर घेऊन आल्या, कोणी बाळंतशोप, कोणी नुसतं बघायला. त्या गर्दीत आत्या कशी झोपली देव जाणे, पण झोपली.

आत्यावर अन्याय झाला असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. आत्यालासुद्धा नाही. मी मात्र दरवर्षी क्रिबसमोर, येशूजन्माच्या देखाव्यासमोर, उभी राहून 'बिचारी मरिया, किती एकटी' म्हणून रडवेली व्हायची. यंदा पहिल्यांदाच त्या गोठ्यात मला बायका दिसतायत. कोणी पाणी तापवतेय, कोणी पोरांना बाहेर पिटाळतेय, आणि एक म्हातारी न विचारता गव्हाणीतला कडबा सारखा करतेय.

इथे मीही क्रिब केलंय, बुटाच्या खोक्यात. नाचणी एका इंडियन दुकानात मिळाली, क्रिबमधल्या गवतासाठी ताटलीत पेरलीय, हीटरजवळ ठेवल्यामुळे बोटभर वर आली. तुमची किती झाली? करंज्या आणि कुलकुल त्या मुलीबरोबर परत पाठवशील ना? ती 4 जानेवारीला तिकडून निघते. आणि गाठोड्यातलं एक बाळंतं पाठव, जुन्यातलं जुनं. येशूबाळाला यंदा सोनेरी किनार नको.

आजीला एक विचार. ग्लेन बाराव्या दिवशी पाळण्यात गेला, एवढं मला आठवतं. तेराव्या दिवशी त्या पाटीत मासे गेले की नाही? मला वाटतं गेले असणार. पाटी चांगली मजबूत होती.

तुझी,
लीना