काका, बियाची बाजू घेतल्याबद्दल

काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषयच बदलता. म्हणून हे उघड पत्र.

माझ्याकडे स्वीटकॉर्नचं बी उगवेना, तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. बियाणं विकणाऱ्यानं पाकीट हातात न घेताच 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून हात झटकले. कुणी बी रात्रभर भिजवायला सांगितलं, कुणी कुंडी ओलीचिंब ठेवायला. घरचे तर 'कणसं विकत मिळतात की' म्हणून मोकळे! मातीत बोट घालून बघावं, असं यातल्या एकालाही वाटलं नाही.

तुम्ही आलात, वर्तमानपत्र पसरून त्यावर कुंडी उपडी केलीत आणि सरळ फरशीवर बसलात. काडीनं माती सारत एकेक बी शोधलंत. मऊ पडलेलं, बुरशी धरलेलं बी नखानं फोडलंत, चक्क वास घेतलात. मग पाकिटातलं कोरडं बी तळहातावर ठेवून मला दाखवलंत. इतकं सुरकुतलेलं, की मी ते मेलेलंच धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, "ही जास्त गोड जात. दाण्यात साखर भरपूर, पिठूळ भाग कमी, म्हणून वाळल्यावर अशीच आक्रसते. कोंबाला शिदोरी थोडीच असते. गार, ओल्या मातीत पडून राहिलं तर उगवायच्या आधीच कुजतं. बी चांगलं आहे गं, मातीला ऊब येऊ दे."

पुढचं तुमच्याच सांगण्यावरून झालं. माती २० अंशांच्या वर गेल्यावर इंचभर खोल पेरलं. रोपं एका लांब ओळीत न लावता चौकोनात लावली, कारण तुऱ्यातले परागकण वाऱ्यानं पडतात आणि कणसाचा एकेक केस एकेका दाण्यापर्यंत जातो. केसाला पराग मिळाला नाही, की तेवढी जागा रिकामी. हे सगळं मला वाचूनही कळलं असतं. त्या कुजक्या बियांपाशी बसायला मात्र कोण आलं असतं?

माहितगार माणसं पुष्कळ भेटतात. आधी बघून मग बोलणारी थोडी. अर्धवट जाणणारा उत्तर तयार ठेवूनच दार वाजवतो, हा माझा अनुभव. तुम्ही तर आल्याआल्या "दाखव बरं" एवढंच म्हणालात.

आता कणसांचे केस तपकिरी झालेत, दाणा नखानं दाबला की दुधासारखा रस येतो. तोडल्यापासून गोडी हळूहळू उतरू लागते, त्यामुळे डब्यातून पाठवणार नाही. उद्या संध्याकाळी तुम्ही आणि काकू या. पाणी आधी उकळत ठेवते, कणसं तुमच्या देखतच तोडू.

तुमची,
वरच्या मजल्यावरची