मासा आजारी पडला की औषधाची बाटली नंतर, आधी पाणी तपासा

संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कुत्र्या-मांजरांच्या आजारांवर, लसींवर काही ना काही येत असतं आणि मी ते आवडीने वाचते, पण टाकीतल्या माशांबद्दल कधी आलंच तर टाकी कशी सजवायची एवढंच येतं. मासा आजारी पडला तर काय करायचं हे कुणी लिहीत नाही. त्यातून गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे मासे म्हणजे बहुतेकांचे पहिलेवहिले मासे, आणि ते देताना हमखास सांगितलं जातं की हे एकदम कणखर, कशाही पाण्यात राहतात. हे खरं नाहीये. या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी माझे मासे गमावलेत म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी टाकीचा लाइट लावला तर माझी काळी मोली हीटरच्या मागे एका जागी उभी आणि नुसती डुलतेय. म्हणजे पोहल्यासारखं अंग डावीकडे-उजवीकडे हलतंय पण ती जागची पुढे जात नाहीये, सगळे पर अंगाला चिकटवून घेतलेले. खाणं टाकलं तर बाकीचे तुटून पडले, हिने एक तुकडा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. मी घाबरले, तशीच जाऊन मासे घेतले त्याच दुकानातून निळं औषध आणलं आणि आख्ख्या टाकीत टाकलं. दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून परत टाकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळेच मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळायला लागले आणि संध्याकाळपर्यंत दोन प्लॅटी गेल्या. ज्यांना काहीच झालेलं नव्हतं त्या.

बरीच वर्षं मासे पाळणारी एक मैत्रीण आली, तिचा पहिला प्रश्न, पाणी तपासलंस का? मी तोवर एकदाही तपासलं नव्हतं. तिने आणलेल्या किटचे थेंब टाकले तर अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवं झालं आणि नायट्राइटची पट्टी गडद गुलाबी. मग एकेक उलगडत गेलं. मी काही महिने आरओचं पाणी घालत होते, शुद्ध म्हणजे चांगलं असं वाटून. पण मोलीला कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षार लागतात, म्हणजेच जड पाणी लागतं, आणि साडेसातच्या वर पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) लागतो. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, आणि मोली अशी जागच्या जागी डुलते त्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं, नाहीतर मग गार पाणी किंवा खराब पाणी. रोगजंतूंचा काही संबंधच नव्हता. आणि त्या निळ्या औषधाने फिल्टरच्या स्पंजमधले चांगले बॅक्टेरिया मारले. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया तेच, नव्या टाकीत ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ते गेले की पाणी दिसायला स्वच्छ, आतून विषारी. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, म्हणून ते सगळे वर येऊन तडफडत होते.

मला आता वाटतं, प्रत्येक टाकीसोबत आधी पाणी तपासायचं किट द्यायला पाहिजे, औषध मागाहून. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २४ ते २७ अंशांच्या आसपास, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलेलं. यातलं काही बिघडलेलं असेल तर कुठलंही औषध काम करणार नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. औषध थांबवलं, फिल्टरमध्ये कार्बन घालून ते काढून टाकलं. एअर पंप फुल, लाइट बंद, दोन दिवस खाणं बंद (धडधाकट मोठा मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही, उरलेलं खाणं कुजून मात्र सगळ्यांना त्रास होतो). रोज पंचवीस ते तीसेक टक्के पाणी बदललं, तेवढ्याच तापमानाचं, क्लोरीन काढून. थोडं मीठही घातलं, चार लिटरला साधारण एक छोटा चमचा, आधी विरघळवून आणि दोन दिवसांत विभागून, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतं. इथे एक घोळ बरेच जण करतात, मीठ म्हणजे क्षार असं समजतात. मिठाने पाणी जड होत नाही, त्यासाठी फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा किंवा तशी खनिजं लागतात. आणि मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे उडालेलं पाणी भरताना परत मीठ घालायचं नसतं, फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

मैत्रिणीने अजून एका गोष्टीवरून मला अडवलं ते बरं झालं. मी लगेच चुरा घालून पीएच वर न्यायला निघाले होते. पण पीएच चढला की अमोनिया जास्त विषारी होतो, २५ अंशाला पीएच ७ असताना त्यातला अर्धाएक टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. म्हणून आधी पाणी बदलून अमोनिया खाली आणला आणि नंतर दहा-बारा दिवसांत हळूहळू क्षार वाढवले. सहाव्या दिवशी मोली हीटरच्या मागून बाहेर आली, डुलणं थांबलं होतं पण पाठीवरचा पर अजून मिटलेलाच. तो उघडायला आणखी तीन दिवस लागले. मी रोज बघत होते.

औषधं लागतच नाहीत असं मी म्हणत नाही, पण रोग ओळखून द्या हो. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट, त्यात पाणी हळूहळू २८-३० अंशावर नेलं की परजीवीचं चक्र भराभर पुढे जातं आणि तो अंगावरून सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच औषध त्याला गाठतं, म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी कोर्स पुरा करायचा. पण तोंडाभोवती कापसासारखं किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट पट्टा असेल तर तो बहुतेक कॉलम्नॅरिस, बॅक्टेरियाचा, आणि त्यात पाणी गरम केलं तर तो उलट भडकतो. दोन्ही पांढरंच दिसतं म्हणून सगळे सरसकट हीटर वाढवतात, तिथेच घात होतो. मासा बारीक होत चाललाय आणि गुदद्वारातून लाल धाग्यांसारखं काही डोकावतंय तर ते जंत, त्यावर लेवॅमिसोल. आणि माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकायचा जो सल्ला फिरतो तो कृपा करून ऐकू नका, जड पाण्यातल्या कॅल्शियमला ते औषध चिकटून बसतं आणि बराचसा परिणाम जातो, म्हणजे मोलीच्या पाण्यात तर त्याचा उपयोग फारच कमी, शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात ते वेगळंच.

माद्यांबद्दल मला जास्तच वाटतं कारण त्यांचे हाल कुणाच्या लक्षात येत नाहीत. एकास एक जोडी आणली की नर दिवसभर त्या एकीच्या मागे, तिला खायलासुद्धा उसंत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर ठेवूच नका. मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवते, एकटी ठेवली तरी साधारण चार-चार आठवड्यांनी पिल्लं देत राहते, म्हणजे तिला विश्रांती अशी नाहीच. आणि पोट फुगलंय म्हणजे गाभणच असं समजू नका, वरून बघा, खवले शंकूसारखे उभे राहिले असतील तर तो जलोदर, लगेच वेगळी काढा. खरंच गाभण असेल तर शेवटच्या दिवसांत जाळीने पकडून त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत आठवडाभर कोंडायचं ही रीत मला अजिबात पटत नाही, धसका घेऊन मादी अपुऱ्या दिवसांची, पोटाला बलक चिकटलेली पिल्लं टाकते. माझ्या एका प्लॅटीने टाकली होती, तळाशी पडलेली सात बघितली आणि ती डबी मी त्याच दिवशी फेकून दिली. टाकीत जावा मॉस किंवा तरंगणारी दाट वनस्पती सोडा, मादी स्वतः आडोसा शोधते, पिल्लंही त्यातच लपतात.

आजारी मासा वेगळा ठेवायला पंधरा-वीस लिटरची साधी टाकी पुरते, वाळू नको, एक स्पंज फिल्टर (तो स्पंज एरवी मोठ्या टाकीतच चालू ठेवायचा म्हणजे बॅक्टेरिया तयार असतात), हीटर आणि लपायला एक कुंडी. जाळी वेगळी. नवा मासाही तिथेच तीन-चार आठवडे ठेवा. आणि कंटाळून किंवा दया येऊन आजारी मासा तळ्यात, नाल्यात सोडू नका, रोग पसरतो, आणि गप्पी तर पसरले की तिथल्या मूळच्या माशांना जगू देत नाहीत.

माझी विनंती एवढीच आहे की प्राण्यांच्या डॉक्टरांचं जे सदर तुम्ही चालवता त्यात महिन्यातून एकदा माशांचे प्रश्न घ्या. तज्ज्ञ तुम्हाला मिळतील, प्रश्न आमच्याकडे भरपूर आहेत. माझा पहिला प्रश्न आत्ताच देऊन ठेवते, ती काळी मोली आता म्हातारी झालीये, पाणी सगळं ठीक आहे, खातेही, पण पाठीचा कणा जरा वाकल्यासारखा दिसतोय, तो वयामुळे की माशांना होणाऱ्या टीबीमुळे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

आपली,
एक वाचक