हेल्पडेस्कवर बसलेल्या मुलास

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ब्राउझरचा आयकॉन चुकून रीसायकल बिनमध्ये गेला आणि "माझ्याकडून इंटरनेट डिलीट झालंय, बाकीच्यांचं चालू आहे ना?" असं घाबरून विचारणाऱ्या त्या गृहस्थांचा किस्सा वाचून मी मनापासून हसले. तू हसू आवरून आधी त्यांचा जीव भांड्यात पाडलास आणि मग आयकॉन परत आणून दिलास, ते मला त्याहून आवडलं.

हसण्यात वाईट काही नाही. मीही याच कामात आयुष्य काढलं, आणि तिथल्या हसण्यानंच कितीतरी कंटाळवाण्या दुपारी निभावून नेल्या. आमच्या क्षेत्रातला सगळ्यात जुना विनोद तुला ठाऊक असेलच: 'प्रेस एनी की' असं पडद्यावर आलं की लोक फोन करून विचारायचे, "ही एनी नावाची की कुठे आहे?" तो नुसता विनोद नाही. कॉम्पॅक कंपनीला असे इतके फोन यायचे की ती सूचना बदलून 'प्रेस रिटर्न की' करावी असा त्यांचा विचार चालला होता, असं १९९४ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापून आलं होतं. पण त्या विचारणाऱ्याच्या जागी बसून बघ. एंटर दाबा म्हटलं तर एंटर लिहिलेली कळ सापडते. एस्केप, शिफ्ट, डिलीट, सगळ्यांचं तसंच. मग एनी दाबा म्हटल्यावर माणूस एनी लिहिलेली कळ शोधणारच. तोवर कॉम्प्युटरनं त्याला जे शिकवलं होतं त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर होता.

आता तुझ्या पत्रातलं मला खुपलेलं वाक्य. "निम्मे लोक खोटं बोलतात आणि उरलेल्या निम्म्यांना काही कळत नाही," असं तू लिहिलं आहेस. तू दमून लिहिलंस हे मला कळतं. तरी ते मी सोडून देणार नाही, कारण हे मत एकदा पक्कं झालं की माणूस तपास करायचा थांबतो, आणि तपास हेच तर तुझं काम आहे.

खोटं बोलण्याचंच घे. "बंद करून चालू केलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, बघावा तर दोन आठवडे, अशी तुझी तक्रार आहे. अरे, २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप आहे आणि ज्या मशीनवर ते चालतं तिथे बहुधा ते आपोआप सुरूच असतं. शट डाउन केलं की युजरचे प्रोग्रॅम बंद होतात, त्याचं लॉगिन संपतं; पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल आणि लोड झालेले ड्रायव्हर (की-बोर्ड, प्रिंटर अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम), डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की तोच गाभा परत उचलला जातो. मशीन लवकर सुरू होतं ते त्यामुळे. अडकलेला ड्रायव्हरही मग अडकलेलाच परत येतो आणि अप टाइमचा आकडा मागच्या पानावरून पुढे चालू राहतो. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्यानं उभं राहतं. म्हणजे तुझ्या तक्रारीतल्या, रोज न चुकता शट डाउन करून घरी जाणाऱ्या बाई तुला खरं तेच सांगत होत्या, आणि तू आकडा बघून त्यांना खोटं ठरवलंस. यापुढे "बंद करून चालू केलं का?" हा प्रश्नच विचारू नकोस. "आपण आता रीस्टार्ट करून बघू या, मी फोनवर थांबतो," असं म्हण.

काही जण फक्त मॉनिटरचं बटण दाबतात, हेही खरं. पडदा काळा झाला म्हणजे मशीन बंद, असं त्यांना वाटतं. अशा वेळी "पंख्याचा आवाज थांबला का?" एवढं विचारलंस तरी उलगडा होतो.

आणि तुझ्या त्या 'दुपारनंतर की-बोर्ड आळशी होतो' म्हणणाऱ्या बाई! त्यांचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, 'फॉल्ट नाही' लिहून बंद केल्याचं तू मोठ्या मजेनं सांगितलंस. मी मात्र तिथेच अडले. तूच पुढे लिहिलं आहेस की, "आधी कसलीतरी बीप वाजते म्हणे, आणि मग कळा दाबूनही अक्षरं उमटत नाहीत." बाळा, बीप! उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज बीप वाजवून फिल्टर कीज सुरू करायचे का विचारतं. ती विंडो न वाचता 'हो' झाली की झटकन दाबलेल्या कळा विंडोज मोजतच नाही. हात थरथरणाऱ्या माणसांच्या नको असलेल्या कळा गाळल्या जाव्यात म्हणून केलेली ती सोय आहे, आणि त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. तुझ्या बाई बहुधा दुपारी बसून कागद वाचतात, तेव्हा हात की-बोर्डवर टेकलेला असतो आणि बोट शिफ्टवर. त्यांना फिल्टर कीज हे नाव कुठून माहीत असणार? पण आधी काय झालं, मग काय झालं, हे त्यांनी क्रमानं आणि चोख सांगितलं होतं. निदान करायला याहून जास्त काय लागतं? ते तिकीट पुन्हा उघड. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकट बंद कर, आणि "तुम्ही बीपचं सांगितलंत म्हणून सापडलं," असं त्यांना जरूर सांग. पुढच्या वेळी त्या आणखी नीट लक्ष ठेवतील.

आता 'काही कळत नाही' याबद्दल. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला होता. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं, निम्म्या वेळा तरी ओळखलं जाईल. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात गाणं सुरांसकट चाललेलं असतं, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. फोनवर तू "ती विंडो मिनिमाइझ करा, मग टास्कबारवर राइट क्लिक करा" म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे सगळा पडदा उभा असतो. पलीकडच्या माणसाला तीन अनोळखी नावं ऐकू येतात, आणि तुझ्या आवाजातली घाईही ऐकू येते.

म्हणून आधी त्याच्या पडद्यावर काय दिसतंय ते त्याच्याकडून वाचून घे. "तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न तर कधीच विचारू नकोस. तो ऐकला की माणूस आरोपीसारखा उत्तर देतो, आणि नेमकी हवी ती गोष्ट गाळतो. "आत्ता पडद्यावर काय लिहिलंय, मला वाचून दाखवता का?" असं विचार आणि वाचून होईपर्यंत गप्प राहा. वाचता वाचता निम्म्यांना उत्तर आपोआप सापडतं. "सोपं आहे" हे शब्दही टाळ. सोपं आहे म्हटल्यावर ज्याला ते जमत नाही त्याला आपण मठ्ठ आहोत असंच वाटतं. रिमोट घेतलास, म्हणजे दुरूनच त्याच्या मशीनचा ताबा घेतलास, तरी माउस शक्यतो त्याच्याच हातात राहू दे. तुझा कर्सर झरझर फिरताना बघून कुणी काही शिकत नाही.

केबलच्या बाबतीत आमच्याकडे एक जुनी युक्ती होती. "केबल लागली आहे ना?" विचारलं की न बघताच "लागली आहे" असं उत्तर येतं, आणि मग खरोखर सैल निघाली तर त्या माणसाला ते कबूल करता येत नाही. त्याऐवजी "केबल दोन्हीकडून काढा, टोकांवर धूळ असेल तर फुंकर मारा आणि परत घट्ट बसवा," असं सांगायचं. सैल असेल तर बसते, आणि कुणाची शोभाही होत नाही. फुंकर कामाची नाही, पण तिच्यामुळे त्याला वाकून मशीनच्या मागे बघावं लागतं.

पासवर्डवरून तू फार चिडलेला दिसतोस. त्याच त्या माणसांचे रीसेट करून वैताग येतो, हे मला वेगळं सांगायला नको. कॅप्स लॉक आणि नम लॉक आधी तपासून घेत जा, पुष्कळशी गाडी तिथेच अडलेली असते. पण ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायलाच लावणारा नियम तुमच्याकडे असेल तर दोष युजरला देऊ नकोस. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो उगीच बदलायला लावू नये. सतत बदलावा लागला की माणूस शेवटचा आकडा एकानं वाढवतो, नाहीतर चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवतो. तुझ्या तिकिटांमध्ये किती रीसेट या नियमामुळे आले ते काढ आणि वरिष्ठांपुढे ठेव. असे फोन घेणाऱ्याखेरीज ही माहिती कुणाकडेच नसते.

नवख्या माणसाच्या गोंधळातून केवढं निघू शकतं याचा एक किस्सा सांगते. ॲपलचा लिसा १९८३ मध्ये बाजारात आला. त्याआधी कॉम्प्युटरची सवय नसलेल्या माणसांना बसवून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. आज जिथे 'ओके' असतं तिथे तेव्हा 'डू इट' (Do It) असं बटण होतं. चाचणीला आलेला एक माणूस त्यावर वैतागला, कारण त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधली फट दिसत नव्हती आणि त्यानं ते 'डोल्ट' (dolt, म्हणजे मठ्ठ) असं वाचलं होतं. कॉम्प्युटर आपल्याला मठ्ठ म्हणतोय अशी त्याची समजूत झाली! तिथल्या लोकांनी त्याला नीट वाचायला शिकवलं नाही, बटण बदलून 'ओके' केलं. तू रोज शेकडो वेळा दाबतोस ते हे बटण.

सोसायचं किती, असंही तू विचारलं आहेस. न समजणाऱ्या माणसासाठी हवा तेवढा वेळ दे. शिवीगाळ करणाऱ्याला एकदा शांतपणे बजाव, तरी थांबला नाही तर फोन ठेव आणि लगेच वरिष्ठांना कळव. यात तुला अपराधी वाटायचं काही कारण नाही.

शेवटी त्या हिशेब विभागातल्या गृहस्थांबद्दल. त्यांनी फसव्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करून पासवर्ड टाकला, आणि तू तिकिटावर 'लेअर एट' लिहून मोकळा झालास. नेटवर्कचे सात थर आणि आठवा थर म्हणजे युजर, हा विनोद आमच्याकडेही चालायचा. तिकिटावर मात्र तो लिहू नकोस. मला याची काळजी का वाटते ते सांगते. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय असं सांगून फोन करणारे भामटे कसे बोलतात ते कधी ऐक. ते कमालीचे सौम्य असतात. एकेक कळ सावकाश सांगतात, चुकलं तरी चिडत नाहीत, तासभर फोनवर थांबतात. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदींची यादी, उघडायला लावतात, आणि धडधाकट मशीनवरही दिसणाऱ्या त्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून घाबरवतात. रिमोट मिळाला की खातं रिकामं. आपल्या हेल्पडेस्कवर ज्याचा पाणउतारा झाला आहे, त्याला असा गोड आवाज आपलाच वाटतो. फसल्यावरही तो आपल्याला सांगायला येत नाही, कारण पुन्हा हसतील ही धास्ती. तो गप्प राहतो तेवढ्या वेळात चोरलेल्या पासवर्डनं आणखी दहा मेल गेलेल्या असतात.

तुझ्या या गृहस्थांनी तसं केलं नाही. काहीतरी चुकलंय हे जाणवताच त्यांनी आपणहून तुला फोन केला, म्हणून तुला लगेच पासवर्ड बदलता आला आणि सगळी सेशन्स, म्हणजे त्या खात्याची चालू असलेली लॉगिन, बंद करता आली. अहवालात फोनची वेळ घाल, आणि तो त्यांनी स्वतः केला होता हे स्पष्ट लिही. तू अजून त्यांच्याशी बोलला नसशील तर उद्या जाऊन भेट आणि आभार मान.

जेवणाच्या वेळेत हेडसेट काढून ठेवत जा. त्या की-बोर्डवाल्या बाईंचं काय निघालं ते कळव.

तुझी,
आई