क्रीडा संचालकाची जागा तासिकेवर चालवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, प्रशिक्षकांचे सत्कार होतात. बहुतेक एकेका खेळात नाव काढलेल्यांचे. कॉलेजातला क्रीडा संचालक खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स असे सगळे एकट्याने ओढतो, त्याचे नाव कुठे येत नाही. म्हणून आमच्या सरांबद्दल लिहिते.

सर मूळचे तालमीतले. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याआधी आम्ही शिवाजी विद्यापीठाकडे होतो, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ते एकाच कॉलेजात राहिले. मी खो-खोत होते. पोलला वळताना हमखास मागे पडायची, सूर मात्र बरा मारायची. दुसऱ्या कोणी राखीव बसवले असते. सरांनी मला कबड्डीच्या उजव्या कोपऱ्यात उभे केले. म्हणाले, ‘‘तिथं नुसता हात लावत होतीस, इथं घोटा सोडायचा नाही.’’ मग एका मुलाला धरून कुस्तीतला एकेरी पट दाखवला. उलट कबड्डीच्या मुलींना ते खो-खोत पळवायचे. नऊ मिनिटांच्या पाळीत पाठलाग केला की तीस सेकंदांच्या चढाईत दम लागत नाही, हे त्यांचे गणित. व्हॉलीबॉल त्यांना तेवढे जमले नाही, हेही खरे. तिथे नियमांचे पुस्तक खिशातच असायचे.

आई विड्या वळायची. संध्याकाळच्या सरावाला ती सोडेना, तर सर घरी आले आणि मोडक्या तेलुगूत तिला समजावत बसले. पाने कातरता कातरता ती हसायला लागली आणि माझे काम झाले.

आता तिथे तासिका तत्त्वावर माणूस येतो, वर्ष संपले की बदलतो. पात्रता पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेटची, पैसे तासाचे. सकाळी सहाचा सराव कोणत्या तासिकेत धरायचा? त्या बिचाऱ्याला दोष नाही. माझ्या भाचीने कबड्डीला नाव दिले, तर आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि थेट सामन्याच्या दिवशी बोलावले. कोपरा की मध्य, कोणी पाहिलेच नाही.

२०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक प्रियांका इंगळेच्या संघाने जिंकला, तेव्हा पेढे सगळ्यांनी वाटले. आता शासनाने ही पदे कायमस्वरूपी भरावीत. तोवर कोणत्या कॉलेजात पूर्णवेळ क्रीडा संचालक नाही, ती यादी विद्यापीठाने प्रवेशाच्या आधी लावावी. क्रीडा शुल्क तर प्रत्येकाकडून घेतलेच जाते.

– एक माजी खेळाडू, अशोक चौक, सोलापूर