खुणा केलेल्या पायवाटेवर चालणं म्हणजे गिर्यारोहण नव्हे: फेटाळलेल्या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, दावे विभाग

विषय: विद्यार्थी प्रवास विम्याचा दावा 'साहसी खेळ' म्हणून नाकारल्याबद्दल

महोदय,

पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड, हेलिकॉप्टरचं बिल, एक्स-रे, सगळं तुमच्याकडे आहे. पुन्हा पाठवणार नाही. हे पत्र आज दुपारी तुमच्या प्रतिनिधींनी माझ्या वडिलांशी जे बोलणं केलं त्याबद्दल आहे, आणि त्या बोलण्यामागे जो निर्णय आहे त्याबद्दलही.

मी एका सत्रासाठी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला एक्स्चेंजवर आले आहे. घोटा मोडला तो शिनिगे प्लाटे ते फिर्स्ट या वाटेवर, फाउलहॉर्न शिखरावरून बाखआल्पसे तळ्याकडे उतरताना. ओल्या दगडावरून पाय घसरला. दाव्याच्या अर्जात हे सगळं लिहिलं होतं. तरी तुमचं उत्तर आलं: 'पर्वतारोहण, देय नाही.'

तुमचंच कलम तुम्हाला वाचून दाखवावं लागतंय. त्यात वगळलं आहे ते दोर किंवा वाटाड्या लागणारं गिर्यारोहण. या वाटेवर दोर कुणीच वापरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचे तीन प्रकार ठरलेले आहेत. पिवळ्या खुणांची साधी वाट, पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची डोंगरवाट आणि पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अवघड वाट, जिथे दोराची गरज पडू शकते. मी मधल्या प्रकारच्या वाटेवर होते. पाटीवर किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं, दगडांवर रंगाचे पट्टे असतात. सुरुवातीला 1893 पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी वर नेते, शेवटी गोंडोला, म्हणजे रोपवेचा पाळणा, ग्रिंडेलवाल्ड गावात उतरवतो. फाउलहॉर्नच्या माथ्यावर हॉटेल आहे. फिर्स्टहून तळ्यापर्यंत लोक लहान मुलांना घेऊन येतात.

यावर तुमच्या प्रतिनिधींचं म्हणणं, 'वाट 2000 मीटरच्या वर आहे, म्हणजे माउंटेनिअरिंग.' पॉलिसीत उंचीचा आकडा कुठे आहे ते मला दाखवा. फिर्स्टचं गोंडोला स्टेशनच 2168 मीटरवर आहे. युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन 3454 मीटरवर आहे. तिथे गाडीतून उतरलेला प्रवासी प्लॅटफॉर्मवर घसरून पडला, तर त्याचाही दावा गिर्यारोहण म्हणून नाकारणार का?

आता आजचा फोन. वडिलांनी शांतपणे विचारलं, दावा कुठे अडला आहे? प्रतिनिधी म्हणाले, 'काका, तुम्ही मुलीला शिकायला पाठवलं होतं की डोंगर चढायला?' वडील म्हणाले, ती रविवारी गेली होती, रविवारी कॉलेज नसतं. तर प्रतिनिधी म्हणाले, 'मग रविवारी अभ्यास करायचा ना.' मागे कुणीतरी हसलं, ते वडिलांना ऐकू आलं. वडील म्हणाले, हसण्यासारखं काय आहे, मुलीच्या पायात प्लेट बसवली आहे. यावर उत्तर मिळालं, 'हेलिकॉप्टर बोलावण्याआधी आम्हाला विचारलं होतं का?' मग त्यांनी फोन ठेवला. माझे वडील नोकरीभर लोकांशी अदबीने बोलत आले. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. त्यांच्या मुलीच्या शिक्षणावर बोलण्याचा अधिकार तुमच्या माणसाला कुणी दिला?

हेलिकॉप्टरबद्दलही सांगते. जिथे मी पडले तिथे गाडीचा रस्ता नाही. माझ्या मैत्रिणीने 1414 ला, म्हणजे रेगा या इथल्या हवाई बचाव सेवेला, फोन केला. हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही हे तिथला नियंत्रण कक्ष ठरवतो, मी नाही. ते दिसल्यावर मैत्रिणीने दोन्ही हात वर करून 'मदत हवी' अशी खूण केली. हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर होते. त्यांनी पाय बघून इंटरलाकेनच्या रुग्णालयात नेलं. घोटा मोडलेल्या माणसाने त्या उतारावर बसून पुण्याच्या कार्यालयाची परवानगी मागायची, ही तुमची अपेक्षा आहे का?

एक्स्चेंजला आलेली मुलं सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातात. इथे येऊन वर्गमित्रांबरोबर चालायला न जाणं मला जमलं नसतं, आणि जाऊ नये असं कुणी सांगितलं तरी ऐकलं नसतं. वडिलांनी मला सिंहगड, राजगड, हरिश्चंद्रगड दाखवले ते याच पायांनी. तुमच्या माहितीपत्रकावर पाठीवर सॅक घेतलेली विद्यार्थिनी आहे आणि मागे बर्फाचे डोंगर आहेत. ते चित्र पाहून वडिलांनी हा विमा घेतला, हप्ता एका दिवसात भरला. मुलीला शिकायला पाठवलं की डोंगर चढायला, हा प्रश्न हप्ता घेताना तुम्ही का विचारला नाही?

माझ्या मागण्या लिहून घ्या. दावा नव्याने तपासा. नाकारायचाच असेल तर कोणत्या कलमातल्या कोणत्या शब्दांवरून नाकारता ते लेखी कळवा. उंचीची अट कुठून आली तेही लिहा. आजच्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, आणि ज्यांनी ते शब्द वापरले त्यांनी माझ्या वडिलांची लेखी माफी मागावी. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे. तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवेन. इथे माझ्यासोबत भारतातून आलेले विद्यार्थी आहेत. कोणता विमा घेऊ, असं त्यांनी विचारलं तर काय घडलं ते सगळं सांगेन.

उत्तर ईमेलवरच द्या. वडिलांना पुन्हा फोन करू नका.

आपली विमाधारक,
बर्न